इंद्राणीचं नाव

भरमू मगदूम वाईट होता असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन, आणि शहाणा होता असं म्हणालं तरी भांडेन. मी जोतीराम सुतार. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. भरमूच्या फौंड्रीत ते काम सतरा वर्षं मी केलं. त्याच्या आधी आम्ही एका गावात वाढलो, एका ओढ्यात पोहलो. तेव्हा त्याच्याविषयी बोलायचा मला हक्क आहे, आणि मी बोलणार.

आमचं गाव कागलच्या रस्त्याला, हमरस्त्यापासून मैलभर आत. निम्मी घरं जैनांची. त्यांत सगळ्यात मोठं घर बापूसो पाटलांचं आणि सगळ्यात लहान भरमूचं. देव एकच, बस्ती एकच. बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ. पण भरमूचा बा पाटलांचा सालगडी. वर्षाच्या बोलीवर राबायचा, जोंधळा आणि धोतरजोडी मिळायची. भरमूची आई, तिला सगळे अक्का म्हणायचे, पाटलांच्या सोप्यात बसून धान्य निवडायची. पंगत सगळ्यांची एकच असायची. कुठल्या टोकाला बसायचं ते मात्र कोणाला सांगावं लागायचं नाही.

एकसष्ट साली मी आणि भरमू कोल्हापूरला कामाला जायला लागलो. मी एका सुताराच्या हाताखाली, तो उद्यमनगरात एका फौंड्रीत साच्यांची रेती चाळायला. सकाळी सातची एसटी. त्याच गाडीनं पाटलांची राजमती शाळेला जायची. मॅट्रिकला शिकणारी गावातली ती एकटीच मुलगी. ती पुढच्या सीटवर, आम्ही मागं. कोल्हापूर आलं की ती उतरायची आणि तिची डब्याची पिशवी सीटवरच राहायची. पहिल्या दिवशी भरमू हाक मारायला उठला, तर मी त्याची पैरण धरून खाली बसवला. मला कळलं होतं. त्या शहाण्याला कळायला आठवडा लागला. संध्याकाळच्या गाडीत घासलेला डबा त्याच सीटवर ठेवलेला असायचा. वर्षभर हे रोज चाललं. सगळ्या वर्षात दोघं मिळून दहा वाक्यं बोलले असतील तर पुष्कळ. ती दिवसभर काय खायची, देव जाणे.

बासष्ट साली बस्तीची वार्षिक पूजा आली. त्या पूजेत सवाल होतात. मूर्तीवर पहिला कलश कोणी घालायचा, आरती कोणी करायची, हे ज्याची बोली मोठी त्याला मिळतं, आणि पैसा देवळाला जातो. पंचांतले देवाप्पा सवाल पुकारायचे. पहिला कलश दर वर्षी बापूसो पाटलांचा. बाकीचे बोली लावायचे ती फक्त शोभेला. पाटलांनी आकडा सांगितला की सगळे गप्प. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

देवाप्पांनी पुकारलं, "पहिला कलश. बोला." पाटील म्हणाले, "एकवीस." आणि आमचा हा वीस वर्षांचा गडी उभा राहून म्हणाला, "पंचवीस."

सहा महिन्यांची शिल्लक होती ती त्याची. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, जैन नसलेल्यांच्यात. पाटील चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "भरमू, बस बाळ खाली. कलश उचलायला हात धुतलेले लागतात." फौंड्रीतली काळी कड त्याच्या नखांत होती, बोटांच्या रेघांत होती. तो हाताकडं बघायला लागला आणि मांडव हसायला लागला. पुरुष हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजमतीही हसली. मी बघितलं. भरमूनंही बघितलं. देवाप्पांनी त्याचे पंचवीस पुकारलेच नाहीत. पाटलांचे एकवीस तीनदा पुकारून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवसापासून भरमू त्या गाडीला आला नाही. फौंड्रीतच राहायला लागला. भट्टीजवळ पोत्यावर झोपायचा, दिवसा रेती, रात्री भट्टी. पाच वर्षांत सगळं काम शिकला आणि सदुसष्ट साली उद्यमनगरात एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. मला बोलावून घेतलं. तेव्हा पाण्याच्या इंजिनांना मागणी इतकी की ओतलेला माल थंड व्हायला वेळ मिळायचा नाही. आम्ही इंजिनाची चाकं ओतायचो. भरमूचं लोखंड कधी चिरलं नाही, हे कोल्हापुरात आजही जुनी माणसं सांगतील. पाच वर्षांत दोन शेडी झाल्या, चाळीस माणसं झाली. कसबा बावड्याला त्यानं दुमजली घर बांधलं, अक्काला तिथं आणली. पांढरी फियाट घेतली. भरमूचा भरमाण्णा झाला.

पण एक खोड गेली नाही. रोज संध्याकाळी तो हात धुवायचा. आधी रॉकेल, मग चुना, मग साबण. पाऊण तास. मी म्हणायचो, "लेका, कातडं निघंल आता." तो म्हणायचा, "निघू दे की. काळं तेवढं निघाय पायजे." ते कधी निघालं नाही.

अक्कानं त्याला पंधरा-वीस मुली दाखवल्या असतील. चांगल्या घरच्या, शिकलेल्या. तो बघायला जायचा, पोहे खायचा आणि नाही म्हणून यायचा. अक्का माझ्यापाशी रडायची. मी काय सांगणार तिला? तिला माहीत होतं, मला माहीत होतं, माझ्या बायकोला शालूबाईलाही माहीत होतं.

आणि तिकडं राजमतीचं काय झालं ते ऐका. तिला स्थळं कमी नव्हती. पण बापूसोंना तोलामोलाचं घर पाहिजे होतं. ह्यांच्याकडं ऊस नाही, त्यांच्या आज्यानं किराणा दुकान चालवलंय, ह्यांची पोरं नोकरी करतात. एकेकाला नावं ठेवता ठेवता पोरगी सत्तावीस वर्षांची झाली आणि बापूसो वारले. तिचा भाऊ तात्यासो घरचा मालक झाला. त्याला बापाची जमीन थोडी मिळाली, बापाचा ताठा सगळा मिळाला. राजमतीनं मधल्या काळात शिक्षिकेचा कोर्स केला होता. ती गावच्या शाळेत लागली. सगळे तिला बाई म्हणायला लागले, आणि लग्नाचं बोलणं बंद झालं.

म्हणजे बघा, ही बिनलग्नाची आणि तो बिनलग्नाचा. मध्ये सात-आठ मैल रस्ता, आणि आता रस्त्यात बापूसोही नाहीत. मी भरमूला किती वेळा म्हणालो, "मी आणि शालू जातो. परसदारी बसून विचारतो. ती न्हाय म्हणायची न्हाय." तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "थांब जरा." काय थांबायचं होतं त्याला ते मला शहात्तर साली कळलं.

त्या साली गावच्या बस्तीत नवी मूर्ती बसवायची ठरली. त्याला मोठी पूजा असते, पंचकल्याणक म्हणतात. पाच-सहा दिवस चालते. गावातलं एक जोडपं इंद्र आणि इंद्राणी होतं, मुकुट घालून हत्तीवर बसतं, सगळा गाव त्यांच्यामागं चालतो. तो मान कोणाचा, हे सवालात ठरतं. पूजेच्या महिनाभर आधी सवालाचा दिवस धरला होता.

आदल्या दिवशी भरमू फौंड्रीत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "जोत्या, उद्या सवाल घेतो. इंद्राचा."

"आणि इंद्राणी कुठनं आणतोस?" मी चेष्टेनं विचारलं.

"नाव विचारतील की. तवा सांगतो."

माझ्या हातातली पटाशी थांबली. म्हणालो, "तिला विचारलंस?"

"उद्याच विचारणार. पंचांच्या समोर. पूजेला महिना हाय, आधी लगीन लावू. चार माणसांत हसले न्हवं ते मला? आता चार माणसांतच तिला उठवतो आणि हत्तीवर बसवतो."

"भरम्या, खुळा हाईस काय? आज संध्याकाळी जा. परसदारी जा. मी येतो संगं."

"चोरून कशाला जाऊ? चोर हाय काय मी आता?"

मला शपथ घातली, तिला सांगायचं नाही म्हणून. त्याच दुपारी मी गावच्या शाळेतले मोडके बाक नीट करायला गेलो होतो. राजमती, म्हणजे आता आमच्या राजाक्का, फळ्यावर गणित लिहीत होत्या. मी चार खिळे मारले, नमस्कार केला आणि घरी आलो. एक शब्द बोललो नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

सवालाला गाव लोटला होता. भरमू पांढरा सदरा घालून, पांढरं धोतर नेसून आला. हात मांडीखाली घेऊन बसला होता. देवाप्पा म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. इंद्राचा सवाल पुकारला. तात्यासोनं सुरुवात केली. भरमूनं वाढवलं. तात्यासोनं वाढवलं, भरमूनं वाढवलं. सात हजारांवर तात्यासो थांबला. थांबायला पाहिजे होतं भरमूनंही, सवाल त्याचाच होता. तर हा स्वतःच्याच बोलीवर चढला. म्हणाला, "एकवीस हजार एक." पाटलांच्या त्या एकविसाचा आकडा होता तो, मला लगेच लागला.

देवाप्पांनी तीनदा पुकारलं आणि वही उघडली. "भरमाण्णा मगदूम. इंद्राणीचं नाव सांगा."

भरमू उठला. हात जोडले, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना ते हात दिसले. म्हणाला, "राजमती बापूसो पाटील. त्यांची हरकत नसंल तर."

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. ती तिसऱ्या ओळीत बसली होती. मग ती उठली. पदर सारखा केला आणि ओळीतून वाट काढत बाहेर आली. मला वाटलं, येते आहे. भरमूला तर वाटलंच, त्याचा चेहरा मी बघत होतो. मधल्या वाटेवर ती आली, त्याच्याकडं बघितलं, आणि मांडवाच्या दाराशी जाऊन चप्पल घातली. घराकडं चालायला लागली. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

देवाप्पांनी खाकरून विचारलं, "मग काय लिहू?" बस्तीत बोललेला सवाल मागं घेता येत नाही. पैसे द्यावेच लागतात, आणि स्वतः बसायचं नसेल तर दुसरं जोडपं नेमावं लागतं. भरमू उभाच होता. म्हणाला, "तात्यासो आणि वहिनी बसू द्यात."

आणि बसले की! काही लाज, काही संकोच? सालगड्याच्या पोराच्या पैशावर हत्तीवर बसले, मुकुट घातले, गावाचे नमस्कार घेतले. पानसुपारीला तात्यासो मला म्हणाला, "भरमूनं शेवटी आपली पायरी वळखली म्हणायची." मी त्याच्या घरचं पान तिथंच टाकलं आणि निघून आलो. असल्या माणसांना दुसऱ्याचं कसं फुकट घ्यावं ते शिकवावं लागत नाही.

आठवड्यानं मी शाळेत गेलो. बाकाचं काम काढून गेलो खरा, पण भांडायलाच गेलो होतो. मधल्या सुट्टीत राजाक्का एकट्या होत्या. मी म्हणालो, "माणसानं चौदा वर्षं तुमच्यापायी काढली. न्हाय म्हणायचं हुतं तर बसून न्हाय म्हणायचं. उठून कशापायी त्याच्या तोंडावर गेलासा?"

त्या रागावल्या नाहीत. खडू पुसत म्हणाल्या, "जोतीराम, मी वर्षभर डबा ठेवला. गावात कुणाला दिसला?"

"न्हाय."

"मी द्यायचं ते कुणाला दिसू दिलं नाही. त्यांनी मागायचं ते सगळ्या गावाला दाखवलं. एकवीस हजाराला सवाल सुटला आणि त्याच्यामागं माझं नाव आलं. मी त्यात बोलीची वस्तू झाले. उठून त्यांच्याजवळ गेले असते, तर जन्मभर लोक म्हणाले असते, पैसे भरले आणि घेऊन गेला."

मी विचारलं, "आदल्या दिवशी परसदारी आला असता तर?"

"तर चप्पल घातली असती," त्या म्हणाल्या, "आणि कसबा बावड्याला गेले असते. दादाला विचारलं नसतं." मग म्हणाल्या, "बासष्ट साली मी हसले होते. सगळे हसले म्हणून हसले. सतरा वर्षांची होते. ते त्यांनी पाहिलं होतं?"

मी हो म्हणालो. घंटा झाली आणि पोरं आत आली. आता सांगू का त्याला, येतो म्हणंल, असं मी दारातून विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. आता उशीर झाला, असं म्हणाल्या.

भरमूला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि भट्टीकडं गेला. पुढं आठ वर्षं काम केलं, पण काम वाढवलं नाही. अक्का गेली. मुली बघणं तर कधीच थांबलं होतं. हात धुणंही थांबलं. काळे तर काळे, म्हणायचा.

चौऱ्याऐंशी साली त्याची छाती भरली. बावीस-तेवीस वर्षांची रेती होती आत. डॉक्टरांनी कोल्हापुरात दवाखान्यात ठेवून घेतला. मी गावाकडनं सकाळच्या एसटीनं जायचो. तिसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर राजाक्का बसलेल्या दिसल्या. शाळेला सुट्टी नव्हती. कोल्हापूर आलं, त्या उतरल्या, माझ्याकडं बघितलंही नाही. सीटवर डब्याची पिशवी होती.

मी ती दवाखान्यात नेली. भरमूनं पिशवी बघितली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाला, "उघड." जैनांच्या नेमाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवला, सगळा डबा संपवला. म्हणाला, "जोत्या, मी तिला मागितलंच न्हाय रं. मी गावाकडं माझा कलश मागत हुतो. तिला उगंच मधी घातली." मी डबा घासला आणि संध्याकाळच्या गाडीत ठेवला. एकोणीस दिवस असं चाललं. दवाखान्याची पायरी त्या चढल्या नाहीत, त्यानंही बोलावलं नाही. विसाव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा भरमू नव्हता. तो भरलेला डबा मी संध्याकाळी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्या दिवशी मी एसटीत सगळ्यांच्या देखत रडलो.

आता शेवटचं सांगतो. पुढच्या वर्षी बस्तीची वार्षिक पूजा झाली. मी मांडवाच्या कडेला माझ्या जुन्या जागी होतो. देवाप्पांचं वय ऐंशीच्या पुढं, धरून बसवलं होतं. पहिला कलश पुकारला. तात्यासोनं पानाचा विडा तोंडात सारला आणि तोंड उघडणार तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "पंचवीस."

राजाक्का उभ्या होत्या. आमच्या गावात बाईनं कधी सवाल बोलला नव्हता. तात्यासो म्हणाला, "राजे, बस खाली." त्यांनी तिकडं बघितलं नाही.

देवाप्पा म्हणाले, "बाई, आता सुरुवातच एकशे एकापासनं असती."

"बासष्ट साली पंचवीस चालले असते, अण्णा. तेव्हा तुम्ही ते पुकारले नाहीत. ते आज पुकारा."

देवाप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना आठवलं होतं. हळू आवाजात म्हणाले, "कुणाच्या नावानं?"

"भरमू मगदूम."

"ते गेले, बाई. गेलेल्या माणसाच्या वतीनं घरचं कोणतरी लागतं. कुणाचं नाव लिहू?"

"शहात्तर साली त्यांनी इथंच एक नाव सांगितलं होतं," राजाक्का म्हणाल्या. "तेच लिहा."

देवाप्पांनी वहीत लिहिलं. मग पुकारलं, पंचवीस एकवार, पंचवीस दोनवार. ते तात्यासोकडं बघून थांबले. तात्यासो खाली बघत होता. कोणी वाढवलं नाही. तीनवार झाल्यावर राजाक्का खाली बसल्या, आणि कलश घालायला उठल्या तेवढं सोडलं तर त्या दिवशी पूजा संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.